फिरवा की हाताने!

मिनेसोटाच्या माणसाला हिवाळ्यात दोनच उद्योग असतात. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायचे, आणि मासे धरण्याच्या आड येणाऱ्या सरकारच्या नावाने बोटं मोडायची. सध्या बोटं मोडायला निमित्त मिळालं आहे ते गिरमिटाचं.

ज्यांनी बर्फावर कधी पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थंडी मुरली की इथल्या तळ्यांवर दोन-अडीच फूट जाडीचा बर्फ बसतो. त्याला सहा किंवा आठ इंच रुंदीचं भोक पाडायचं, गळ खाली सोडायचा आणि वाट बघायची. भोक पाडायला कमरेच्या वर येणारं गिरमिट लागतं. पूर्वी ते हाताने फिरवत. मग पेट्रोलवर फटफटणारं आलं. आता लिथियम बॅटरीचं आलंय. बटण दाबायचा अवकाश, काही सेकंदांत पाणी वर. राज्यात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर हे यंत्र खुशाल चालवा, कुणी हटकत नाही. फक्त ईशान्येच्या टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून, बाउंडरी वॉटर्स नावाचं सुमारे 11 लाख एकरांचं संरक्षित रान आहे, हजारावर तळ्यांचं. तिथे ते चालत नाही. पेट्रोलचं नाही, बॅटरीचंही नाही. चालवायचं सोडाच, पाठपिशवीत नुसतं बाळगलेलंही चालत नाही. सापडलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यावरून जो आकांत चाललाय तो ऐकला तर वाटेल, या लोकांच्या घरावर जप्ती आली आहे. मी ट्विन सिटीज या इथल्या जोडशहरांच्या एका उपनगरात राहतो. आपल्या मराठी मंडळींतही हा शौक आता चांगला रुजलाय. बांगडा आणि सुरमई यांपलीकडे मासा ठाऊक नसलेले गृहस्थ वॉलआय आणि लेक ट्राउट यांवर अधिकारवाणीने बोलतात. कौतुकच आहे. पण मध्यंतरी अशाच एका घरी जेवणं आटोपल्यावर यजमानांनी आम्हाला गॅरेजात नेलं, बॅटरीचं नवंकोरं गिरमिट दाखवलं आणि पाठोपाठ एक अर्ज पुढे केला. बाउंडरी वॉटर्समध्ये बॅटरीच्या गिरमिटाला परवानगी द्या, खाली सही करा.

“अहो, आवाज नाही, धूर नाही,” यजमान म्हणाले. “कुणाच्या बापाचं काय जातं?”

हा प्रश्न हुशार वाटतो, म्हणून त्याचा आधी समाचार घेऊ. 3 सप्टेंबर 1964 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर सही केली. 1956 पासून ज्याने त्याचे मसुदे घासून घासून तयार केले तो हॉवर्ड झानायझर त्याच वर्षी मे महिन्यात गेला. सही बघायला उरला नाही. त्या कायद्यातलं बंदीचं कलम काढून वाचा. मोटारगाड्या नकोत, मोटरबोटी नकोत, विमान उतरवायचं नाही, यांत्रिक वाहतूक नको, मोटरवर चालणारी साधनं नकोत. आवाजाचा किंवा धुराचा त्यात उल्लेख नाही. पुढे वनखात्याने मोटरवर चालणाऱ्या साधनाची व्याख्या केली ती अशी की, सजीव नसलेल्या शक्तीवर चालणारं कुठलंही यंत्र. याच नियमावलीत सायकलला बंदी आहे. हँग ग्लायडरला बंदी आहे. बाउंडरी वॉटर्सच्या तळ्यांवर शिडाची होडीसुद्धा चालत नाही. शीड धूर सोडतं का? सायकल फटफटते का? मुद्दा आवाजाचा असता तर या तिघांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? मुद्दा एवढाच आहे की या 11 लाख एकरांत माणसाने स्वतःच्या हातापायांच्या बळावर जेवढं पोचता येईल तेवढंच पोचावं आणि जेवढं उपसता येईल तेवढंच उपसावं. ते पटत नसेल तर तसं सांगा. कायद्याने कधी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन ‘बघा, मी पास’ असं म्हणू नका.

दुसरा पवित्रा वकिली थाटाचा असतो. त्याच व्याख्येत एक सूट आहे: हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी छोटी उपकरणं यंत्रात धरायची नाहीत. उदाहरणं दिली आहेत ती टॉर्चची, दाढीच्या यंत्राची आणि गायगर काउंटरची. झालं! कॉर्डलेस ड्रिलही हातात मावतं, त्यालाही बॅटरीच असते, त्याच्या टोकाला गिरमिटाचं पातं बसवलं तर ते दाढीच्या यंत्रात का मोडू नये? मोडू दे बापडं. फक्त आधी दाढीच्या यंत्राने अडीच फूट बर्फ तासून दाखवा.

ही यादी वाचताना मला गायगर काउंटरचं मात्र राहून राहून हसू येतं. तंबू ठोकून मासे धरायला निघालेला कोण शहाणा किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र बरोबर नेईल? पण नियम लिहिला गेला तो काळ युरेनियम हुडकत फिरणाऱ्यांचा, आणि याच कायद्याने 1983 च्या अखेरपर्यंत संरक्षित रानांत खाणींचे नवे दावे लावायला मुभा ठेवली होती. म्हणजे रान पवित्र, पण खालचं खनिज आधी मोजून घेऊ. अमेरिकी काँग्रेसच्या या सोवळेपणावर कुणी आसूड ओढला तर मी टाळ्या वाजवीन. ईली गावाजवळ, याच पाण्याच्या वरच्या अंगाला, तांबं आणि निकेलची खाण काढायचा घाट वर्षानुवर्षं घातला जातोय. 2023 च्या जानेवारीत सरकारने तिथली सव्वादोन लाख एकरांहून जास्त जमीन वीस वर्षांसाठी खाणींना बंद केली, आणि लगेच तो हुकूम मोडीत काढायच्या खटपटी सुरू झाल्या. आठ इंची भोकासाठी सह्या गोळा करणाऱ्या आमच्या स्वातंत्र्यवीरांना त्या मोठ्या भोकाबद्दल विचारून बघा. बहुतेकांना खबरच नसते.

आता हाताने भोक पाडणं ही काय शिक्षा आहे ते पाहू. माझं गिरमिट स्वीडिश, मोरा नावाचं, सहा इंची. वरच्या मुठीवर डावा तळहात दाबून धरायचा आणि उजव्या हाताने मधला दांडा फिरवायचा. पहिली वीत मजेत जाते. मग जाकीट उतरवावं लागतं, कारण उणे वीसमध्ये घाम येऊ देणं हा मूर्खपणा असतो. हात थांबला की घाम अंगावरच गोठतो. बर्फाचा कीस भोकात दाटला की गिरमिट वर ओढून तो बाहेर टाकायचा. पातं बोथट असेल तर नुसतं गरागरा फिरत राहतं, म्हणून त्याला म्यान घालून जपतात, आणि चिकटलेला बर्फ झाडायला ते बर्फावर आपटत नाहीत, धार जाते. शेवटच्या इंचाला आवाज बदलतो, दांडा एकदम हलका होतो आणि सगळा कीस घेऊन काळं पाणी बदबदत वर येतं. मग झाऱ्याने भोक निवळायचं. इथे दुकानात याच कामासाठी मिळणारा झारा आणि बुंदी पाडायचा आपला झारा शेजारी ठेवले तर हलवायाचीही फसगत होईल. पात्याला धार असेल तर या सगळ्याला दोन-चार मिनिटं लागतात.

आणि भोकं किती हवीत? मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात. लेक ट्राउट दोनच ठेवता येतात. दोन गळ, दोन भोकं, दोन मासे. म्हणजे ज्या घोर अन्यायावर अर्ज लिहिले जात आहेत तो सगळा मिळून चार ते आठ मिनिटांचा आहे! त्या तळ्यावर पोचायला घसरगाडी कमरेला बांधून अर्धा दिवस बर्फ तुडवावा लागतो, त्याबद्दल अर्जात चकार शब्द नाही. का नाही, ते पुढे येईलच.

खरी गोष्ट अशी की बॅटरीच्या गिरमिटाने नुसती आठ मिनिटं वाचत नाहीत, शिकारीची रीतच बदलते. हाताने भोक पाडणारा आधी विचार करतो. उतार कुठे असेल, खडकाची सोंड पाण्यात कुठवर गेली असेल, चाळीस फूट खोली कुठे मिळेल. मग जागा ठरवतो आणि तिथे बसतो. यंत्रवाला विचार करत नाही, भोकं पाडतो. वीस पाडली, तीस पाडली, प्रत्येकात सोनार यंत्राचं टोक बुडवून पडद्यावर मासा दिसतो का बघितलं, नाही दिसला की पुढे. याला मासेमारी म्हणायचं तर म्हणा. मला ते तळ्याचं सर्वेक्षण वाटतं. लेक ट्राउट थंड, निःसत्त्व पाण्यात सावकाश वाढणारा मासा आहे; अंडी घालायच्या वयात यायलाच त्याला कितीतरी वर्षं लागतात. असल्या तळ्यात माणसाला दमायला लावणारी कुठलीही गोष्ट माशाच्या पथ्यावर पडते.

इथे नियमाचीही फजिती आहे, आणि ती मी झाकणार नाही. पाण्यातला मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र आत चालतं, कारण ते बॅटरीवरचं छोटं, हातात मावणारं उपकरण ठरतं. नियम लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला नसावा. आज भोक पाडणाऱ्या यंत्रापेक्षा मासा दाखवणारं यंत्र माशाला जास्त महाग पडतं. या विसंगतीवर बोट ठेवून आमचे अर्जदार म्हणतात, मग गिरमिटही येऊ द्या. मी म्हणतो, मग सोनारही बाहेर ठेवा. पण त्या अर्जावर कुणी सही मागायला येत नाही.

यानंतर हमखास बाहेर पडतं ते म्हाताऱ्यांचं आणि अपंगांचं नाव. त्यांनी काय करायचं, त्यांना हक्क नाही का? असं विचारणारा माणूस बहुधा पंचेचाळिशीचा, जिममध्ये नेमाने जाणारा आणि खांदे भरलेला असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची म्हटली की अपंगांचा खांदा सगळ्यांना सोयीचा वाटतो. अपंगांच्या हक्कांसाठी 1990 मध्ये झालेल्या कायद्यात साफ लिहिलंय की ज्याला चाकाच्या खुर्चीची गरज आहे त्याला ती संरक्षित रानात नेता येते, आणि घरात वापरण्याजोगी असेल तर ती खुर्ची मोटरची असली तरी चालते. जीवावर बेतलं तर बचावासाठी यंत्रं आणायची सोय मूळ कायद्यातच आहे. खऱ्या गरजेचा विचार कायद्याने केलाय. विचार केला नाही तो हौसेचा. आमच्या यजमानांना मी विचारलं, हिवाळ्यात बाउंडरी वॉटर्सला कधी गेला होतात? म्हणाले, “अजून नाही. परवानगी मिळाली की जाऊ म्हणतोय.”

तक्रार करायचा हक्क ज्यांना होता त्यांच्याकडे एकदा बघा. या तळ्यांवर पूर्वी विमानं उतरायची आणि शहरी बाबूंना थेट माशापाशी सोडायची. 1949 च्या डिसेंबरात अध्यक्ष ट्रुमन यांनी समुद्रसपाटीपासून 4,000 फुटांखालचं आकाशच विमानांना बंद केलं. 1948 च्या एका कायद्याने आतली विश्रामगृहं विकत घेऊन उठवायला सुरुवात झाली होती. 1978 च्या कायद्याने स्नोमोबाइल गेल्या. कॅनडाकडे जाणाऱ्या एक-दोन वाटा तेवढ्या राहिल्या. ईलीच्या लोकांची पोटं यावर होती. हा कायदा होण्याआधी, 1977 च्या जुलैत, तिथे सुनावणी झाली तेव्हा चिडलेल्या गावकऱ्यांनी सिगर्ड ओल्सन या त्यांच्याच गावातल्या लेखकाचा पुतळा फासावर लटकवला, कारण तो बंदीच्या बाजूने बोलायला उभा राहणार होता. माझं मत ओल्सनच्या बाजूचं आहे. पण त्या गावकऱ्यांचा राग मला कळतो. त्यांचं दुकान बसलं होतं, घर विकलं जात होतं. तुमचं काय बसलंय? गॅरेजात दोन गाड्यांच्या मध्ये उभं असलेलं गिरमिट?

त्याहून जुना दावा ओजिब्वे लोकांचा. हे रान त्यांचं घर होतं. 1854 च्या ला पॉइंटच्या तहात जमीन देताना त्यांनी शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. त्या हक्काच्या जोरावर बाउंडरी वॉटर्समध्ये मोटरची वाहनं नेता येतील का, हा प्रश्न त्यांच्यातल्या काहींनी कोर्टापर्यंत नेला. 2000 साली केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की मासेमारीचा हक्क अबाधित आहे, पण तिथवर मोटरने जाण्याचा हक्क त्यात येत नाही. बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला तो निकाल थोडा कोरडा वाटतो. पण ज्यांच्या पणजोबांचं हे रान होतं त्यांना चालत जा म्हणून सांगितलं गेलं, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं त्यांना बटण दाबायचं आहे! याला इथे स्वातंत्र्य म्हणतात. आपल्याकडे शिरजोरी म्हणतात.

अपवाद कुठे करायचा हे अमेरिकेला कळत नाही असंही नाही. अलास्कासाठी 1980 मध्ये वेगळा कायदा झाला. तिथल्या संरक्षित रानांत लोक राहतात, शिकारीवर आणि माशांवर घर चालवतात, म्हणून परंपरेने चालत आलेल्या कामांसाठी तिथे स्नोमोबाइल, मोटरबोट आणि विमानसुद्धा चालतं. आपल्या माथेरानचंही तसंच. 2003 पासून तो संवेदनशील टापू आहे, मोटारींना बंदी. आणि तरी ई-रिक्षा हव्यात म्हणून भांडण झालं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये हातरिक्षा बंद करून ई-रिक्षा आणा म्हणून सांगितलं. योग्यच केलं. तिथे माणूस माणसाला ओढत होता. बाउंडरी वॉटर्समध्ये कुणी कुणाला ओढत नाही. स्वतःच्या हौसेचं ओझं स्वतः ओढायचं आहे, आणि नेमकं तेच यांना जड जातंय.

अर्जात एक वाक्य असं आहे की, आम्हाला फक्त बॅटरीचं छोटं गिरमिट हवं आहे, बाकी काही नको. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! छोटं म्हणजे केवढं? काही वर्षांपूर्वी ड्रिलची बॅटरी 18 व्होल्टची होती, आज 40 व्होल्टची दुकानात मिळते. यंत्राबरोबर जादा बॅटरी आली. थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून ती उबेत ठेवायची पेटी आली. तीस भोकं पाडायची म्हणजे दिवस मोडणार, म्हणून हीटरचा तंबू आला. एवढं ओढायचं म्हणजे घसरगाडी मोठी झाली, आणि मोठी घसरगाडी माणसाने किती ओढायची हो, दया करा, एखादी छोटी, बॅटरीची, बिनआवाजाची स्नोमोबाइल येऊ द्या. म्हणूनच आजच्या अर्जात अर्ध्या दिवसाच्या तंगडतोडीबद्दल काही नाही. ती पुढच्या अर्जासाठी राखून ठेवली आहे.

वनखात्याची वकिली करायचा मला मुळीच सोस नाही. 1978 च्या तडजोडीत त्याच बाउंडरी वॉटर्सच्या काही ठरावीक तळ्यांवर उन्हाळ्यात 10 आणि 25 अश्वशक्तीच्या मोटरबोटी ठेवल्या गेल्या. पैसे घेऊन लोकांच्या कनू होड्या ओढून नेणाऱ्या बोटी त्यांवर अजून फिरतात. 25 घोड्यांची बोट चालते आणि एक गिरमिट चालत नाही, हे हास्यास्पद आहे, कबूल. 4 जुलै 1999 च्या वादळात लाखो एकरांतली झाडं आडवी झाली तेव्हा खात्याने स्वतः साखळी-करवती चालवल्या. कायद्याने तेवढी मुभा प्रशासनाला दिली आहे, आणि एरवी त्यांचे मजूर दोघांनी ओढायची लांब करवतच वापरतात, म्हणून ते मी सोडून देतो. बोटींचं सोडत नाही. त्या काढा, आज काढा. राजकारण्यांनी मतांसाठी एका दारात बोळा कोंबून ते अर्धं उघडं ठेवलं, म्हणून उरलेली दारं मोडायचा परवाना कुणाला मिळत नाही.

शिवाय एक गंमत आहे, ती अर्जदारांना ठाऊक असावी असं वाटत नाही. पूर्णपणे बाउंडरी वॉटर्सच्या आत असलेल्या तळ्यांवर लेक ट्राउटचा हिवाळी हंगाम वर्षाच्या सुरुवातीलाच उघडतो. बाहेरच्या तळ्यांवर त्यानंतर साधारण पंधरवड्याने. चालत जाणाऱ्याला, हाताने फिरवणाऱ्याला राज्य पंधरा दिवस आगाऊ देतं. याहून जास्त लाड कुठलं सरकार करतं?

आणि ज्यांना चालायचंच नाही त्यांची सोय राज्यभर करून ठेवलेली आहे. मिल लॅक्सला जा, लेक ऑफ द वुड्सला जा. तिथे बर्फ खरवडून रस्ते केलेले असतात, त्यावरून ट्रक भोकापर्यंत जातो. भाड्याने खोली मिळते, खोलीत पलंग असतो, हीटर असतो, टीव्ही असतो, आणि गळ टाकायची भोकं जमिनीतच पाडून ठेवलेली असतात. काही ठिकाणी पिझ्झासुद्धा बर्फावर आणून देतात. तुमचं ते नवंकोरं गिरमिट तिथे खुशाल चालवा. नाही चालवलंत तरी हरकत नाही, पैसे दिले की भोकंही तेच पाडून देतात.